आयपी 68 असताना एवढं सगळं कशाला? (अणुवीज प्रकल्पातले व्हॉल्व्ह ॲक्च्युएटर)

झुआरीपार | 17 जून, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

वेर्ण्याच्या वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरच्या, म्हणजे मोटरने व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या यंत्राच्या, स्विच-पेट्या, झाकणं, टर्मिनलचे डबे बनवतो. दोन साइजचे पूर्ण ॲक्च्युएटरही जोडून देतो. पाणीपुरवठा, औषध कंपन्या, एक खतकारखाना असा आमचा संसार. गोव्याच्या पावसात उघड्यावर सहा वर्षं उभ्या असलेल्या ॲक्च्युएटरचं झाकण काढलं तरी आत खडखडीत कोरडं, याचा थोडा गर्वही आहे.

गेल्या महिन्यात एका अणुवीज प्रकल्पासाठी चौकशी आली. कंटेनमेंटच्या, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या जाड बंदिस्त इमारतीच्या, आत बसणाऱ्या गेट व्हॉल्व्हवरचे ॲक्च्युएटर. सोबत चाळीस पानांचं बाड. भट्टीत भाजा, गॅमा किरणं द्या, थरथरवा, भूकंप द्या, मग वाफेच्या टाकीत टाका. आणि हे सगळं एकाच नमुन्यावर, ओळीने! माझा भागीदार म्हणाला, "एवढ्या पैशांत दुसरं सीएनसी येईल, आणि त्याला कोणी भूकंप देणार नाही."

इथे कोणी या कामात होतं का? आमचं आयपी 68 चं (धूळ-पाणी आत जात नाही याचं) प्रमाणपत्र का चालत नाही, निदान एवढं तरी समजावून सांगा.

पदेराची सायकल | 17 जून, रात्री 10:20

भागीदार शहाणा आहे. जपून ठेवा.

जुना फिटर | 18 जून, सकाळी 6:10

झुआरीपार बाब, उंडो आणि चहा घेऊन बसलोय, लांबेल. बावीस वर्षं व्हॉल्व्ह आणि ॲक्च्युएटरच्या चाचण्यांवर काढली, आता फोंड्याला घरी असतो.

आयपी 68 ही गार पाण्याची परीक्षा. नवाकोरा डबा, नवी ओ-रिंग, बुडवला, काढला, आत थेंब नाही, पास. कंटेनमेंटच्या आतल्या ॲक्च्युएटरला परीक्षक जे विचारतो ते असं: तू चाळीस वर्षं इथे उकाड्यात आणि किरणांत बसलास, तुझं रबर कडक झालं, ग्रीस आटलं. आज भूकंप झाला, मोठा पाइप फुटला, काही सेकंदांत खोली वाफेने भरली. दिवे गेलेत, व्होल्टेज पडलंय. आता एकदा व्हॉल्व्ह बंद करून दाखव.

एकदाच. पण तेव्हाच.

म्हणून नमुना आधी म्हातारा करतात आणि मग त्याच्यावर संकट आणतात. नव्या मालाला वाफ देऊन काही कळत नाही, तो बहुधा टिकतोच. एकंदर पात्रतेसाठी अमेरिकन मानक आयईईई 323, ॲक्च्युएटरसाठी खास 382, भूकंपासाठी 344. तुमच्या चाळीस पानांत हे तीन आकडे असणारच. भट्टी, भाराखाली दोनेक हजार वेळा उघडझाप, गॅमा, पाइपची थरथर, भूकंप, आणि सगळ्यात शेवटी लोका, म्हणजे अणुभट्टीचं शीतक गमावण्याचा अपघात. क्रम मोडला किंवा अर्ध्यात दुसरा नमुना घेतला, तर सगळं पहिल्यापासून.

भूकंपाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पॅनल जमिनीला बोल्ट केलेलं असतं, त्याला शेक टेबलवर सगळ्या वारंवारतांचा मिश्र धक्का देतात. ॲक्च्युएटर मात्र पाइपवर लटकलेला. जमिनीचा धक्का वर पोचेपर्यंत पाइप त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलतो आणि स्वतःच्या चालीवर डोलायला लागतो. म्हणून ॲक्च्युएटरला 2 ते 35 हर्ट्झच्या आसपास एकेक वारंवारता धरून झुलवतात, आणि झुलत असतानाच मोटर चालवून उघडझाप करायला लावतात. व्हॉल्व्हच्या चौकटीवर (योकवर) बाजूला निघालेलं जड धूड, त्याचा तोल मुळातच एका अंगाला. बोल्ट ढिले होतात, व्हॉल्व्ह उघडा की बंद ते कळवणाऱ्या लिमिट स्विचची पट्टी क्षणभर उडते आणि नियंत्रण कक्षाला चुकीचा दिवा दिसतो. आपल्या देशात बंगळूरच्या सीपीआरआय या वीज संशोधन संस्थेत तीन मीटर बाय तीन मीटरचं, दहा टन पेलणारं टेबल आहे. एकदा बघून या, डोळे उघडतील.

वाफेचं संध्याकाळी लिहितो. ग्रहण लागल्यासारखा काळोख झालाय, छपरावरचं काम पावसाआधी उरकायला हवं.

समई | 18 जून, सकाळी 11:35

गॅमाबद्दल मी थोडं सांगू शकते. आमचा माल वैद्यकीय, सिरिंज आणि नळ्या. आम्ही तो कोबाल्ट-60 च्या गॅमा केंद्रात निर्जंतुक करून आणतो. नेहमीचा डोस 25 किलोग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप). तेवढ्यातही साधं पॉलिप्रॉपिलीन पिवळं पडतं, आणि गंमत म्हणजे आल्यादिवशी ठीक असतं, महिन्याभराने हातात कडकन मोडतं. काच तपकिरी होते. टेफ्लॉनचं तर नावच काढू नका. सगळ्यांना वाटतं टेफ्लॉन म्हणजे अमरपट्टा. आम्लाला अमर, उष्णतेला जवळजवळ अमर, आणि गॅमापुढे आमच्या 25 किलोग्रेलाच त्याचा भुगा व्हायची वेळ.

तुमच्या बाडात डोस किती लिहिलाय?

झुआरीपार | 18 जून, दुपारी 1:15

समईताई, आकडा 'मेगाग्रे'मध्ये आहे. मला वाटलं छपाईची चूक असेल.

समई | 18 जून, दुपारी 1:40

चूक नसावी. 🙂 अमेरिकन चाचण्यांत सर्रास 2 मेगाग्रे, म्हणजे 2000 किलोग्रे धरतात. चाळीस वर्षांचा आणि अपघाताचा डोस मिळून. आमच्या सिरिंजच्या 80 पट. डोसचा वेग ताशी 10 किलोग्रे ठेवला तरी नमुना आठ दिवसांहून जास्त स्रोतासमोर बसणार. आणि वेग फार वाढवून उरकायचंही नाही. रबरात ऑक्सिजन हळूहळू मुरतो, किरणं घाईने दिली तर फक्त वरची कातडी सडते, आतलं तरुणच राहतं. मग चाचणी खऱ्यापेक्षा सोपी होते.

फर्मागुडी_सेम7 | 18 जून, दुपारी 4:05

काका, चाळीस वर्षं भट्टीत काही आठवड्यांत कशी बसवतात? तापमान वाढलं की झीज किती वेगाने होते ते सांगणारं अऱ्हेनियसचं सूत्र शिकलोय, पण परीक्षेपुरतं.

जुना फिटर | 18 जून, संध्याकाळी 7:48

तुझी परीक्षा अजून संपलेली नाही असं समज. कागद घे.

जागेवर नेहमीचं तापमान 50 अंश, भट्टी 130 अंश. रबराची सक्रियण ऊर्जा 0.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट धर. दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घालून गणित केलंस की भट्टीतला एक दिवस म्हणजे जागेवरचे साधारण 300. चाळीस वर्षांचे 14,600 दिवस भागिले 300, म्हणजे जवळपास 49 दिवस भाजायचं.

आता तेच 0.8 च्या जागी 1.0 घाल. गुणक बाराशेच्या वर जातो. 49 चे 12 दिवस होतात!

कळलं खोड कुठे आहे? तापमान, भट्टी, घड्याळ, सगळं तेच. ऊर्जेचा एक आकडा दशांशात हलवला आणि महिन्याहून जास्त भाडं वाचलं. तो आकडा कुठून आला, कुठल्या मिश्रणाच्या रबरावर मोजला, ताणाची मोडतोड पाहून की इन्सुलेशन पाहून, हे मी अहवालात सगळ्यात आधी बघायचो. "ईपीडीएम, 1.0" एवढंच लिहिलेलं असेल तर अहवाल परत. ईपीडीएम नावाचं एकच रबर नसतं, जशी 'नुस्त्याची कढी' म्हणून एकच कढी नसते.

आणि एकाच ॲक्च्युएटरमध्ये दहा पदार्थ. मोटरचं वार्निश, ओ-रिंगा, स्विचचं फिनॉलिक, वायरचं आवरण, ग्रीस. ज्याची ऊर्जा सगळ्यात कमी, त्याच्या मापाने सगळ्यांना भाजावं लागतं. बाकीचे बिचारे गरजेपेक्षा जास्त भाजले जातात.

वाफ. तिची टाकी म्हणजे जाड भिंतीचा प्रेशर व्हेसल, आत ॲक्च्युएटर खऱ्यासारखा भारावर बांधलेला, केबल भिंतीतून बाहेर पॅनलला. बाजूच्या बॉयलरमध्ये वाफ साठवलेली. व्हॉल्व्ह उघडतो आणि काही सेकंदांत आतलं तापमान दीडशेच्या वर. जुन्या अमेरिकन आलेखात शिखर 171 अंशांचं, एकदा नव्हे दोनदा, राखीव म्हणून. मग हळूहळू उतरत काही आठवडे. त्यांच्या काही अणुभट्ट्यांसाठी वरून बोरिक आम्ल आणि कॉस्टिकचा फवाराही. आपल्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांचा आलेख वेगळा आणि प्रकल्पागणिक ठरलेला, तुमच्या बाडात असेल तोच खरा.

आमच्याकडे एकदा काय झालं (कोणाचा माल ते विचारू नका). पहिलं शिखर झालं, ॲक्च्युएटर मस्त चालला, सगळे खूश. तासाभराने पोरगा ओरडत आला, "काका, पॅनलात पाणी!" मी म्हटलं छप्पर गळतंय. छप्पर ठीक होतं. केबलच्या कापलेल्या तोंडातून, तांब्याच्या तारांच्या मधून, थेंब थेंब गरम पाणी येत होतं. केबल डब्यात शिरते तिथल्या ग्लँडने बाहेरून केबल घट्ट धरली होती, पण आत वाफेचा दाब, बाहेर हवा. वाफ टर्मिनलच्या डब्यात शिरली आणि वेढलेल्या तारांच्या फटीतून पाच मीटर चालत बाहेर आली. ॲक्च्युएटर निर्दोष. नापास झाला केबल-प्रवेश, जो ॲक्च्युएटरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता आणि केबलवाल्याच्याही नव्हता.

वरचा मजला | 18 जून, रात्री 9:30

सगळं वाचलं. माझं मत विचाराल तर निम्मा प्रकार कागदी आहे. व्हॉल्व्हला गिअर, मोटर, दोन स्विच. शंभर वर्षांचं तंत्र. मोठी मोटर घाला, विषय संपला.

जुना फिटर | 19 जून, सकाळी 6:25

साहेब, 9 जून 1985, अमेरिकेतलं डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्र. बॉयलरचं मुख्य पाणी तुटलं, आणीबाणीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह गडबडीत चुकून बंद झाले, आणि उघडायची आज्ञा दिली तर उघडेनात. मोटर जळलेली नव्हती, गिअर तुटलेला नव्हता. बंद गेटवर एका बाजूने पूर्ण दाब असला की ते सीटवरून सुटेपर्यंत फार जोर लागतो, तेवढा वेळ टॉर्क स्विच (जोर फार झाला की मोटर थांबवणारा) बाजूला ठेवायचा असतो. ती मुदत नीट लावलेली नव्हती. टॉर्क स्विचला वाटलं अडकलंय, त्याने इमानदारीने मोटरची वीज तोडली. माणसं हाताने उघडायला धावली. पुढे 1989 मध्ये त्यांच्या नियामकाने सगळ्या प्रकल्पांना सांगितलं की मोटरचे सुरक्षेचे व्हॉल्व्ह खऱ्या दाबावर चालतात हे दाखवा. तोवर बहुतेक व्हॉल्व्हची परीक्षा दाबाशिवाय व्हायची. रिकामी बैलगाडी ओढून बैल जोखण्यातला प्रकार.

मोठी मोटर म्हणता, तर टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. 415 चे 332 झाले, म्हणजे 80 टक्के, तर जोर 64 टक्केच. त्यात वाफेत तापलेलं वाइंडिंग, आणखी उणे. म्हणून मोठी मोटर घातलीत. आता पूर्ण व्होल्टेजवर, थंड असताना, टॉर्क स्विच उघडला तरी फिरत्या मोटरचं जडत्व गेट हलवणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्टेमला, पुढे दाबतच राहतं. स्टेम वाकतो, नाहीतर गेट सीटमध्ये असं रुततं की पुढल्या वेळी निघत नाही. कमी व्होल्टेजला पुरेल आणि पूर्ण व्होल्टेजला मोडणार नाही, या दोन भिंतींच्या मधे गाडी काढायची आहे. आल्तिन्याच्या गल्लीत बस वळवून बघा.

गालजीबाग | 19 जून, दुपारी 2:10

मी काणकोणात राहतो. पोळ्याचा नाका ओलांडला की कारवार, आणि तिथून काळी नदीने आत गेलं की कैग्याचा अणुवीज प्रकल्प. त्यामुळे धागा जरा वेगळ्या काळजीने वाचतोय. वीजच गेली तर हे मोटरवाले व्हॉल्व्ह काय करतात?

जुना फिटर | 19 जून, रात्री 8:00

आहेत तिथेच थांबतात. हवेवरच्या ॲक्च्युएटरला स्प्रिंग असते, हवा गेली की तो ठरलेल्या बाजूला जातो. मोटरवाला जागच्या जागी गोठतो. कधी तेच हवं असतं, कधी नको असतं. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत 2011 साली उलटाच घोळ झाला. भट्टी गार करणाऱ्या आयसोलेशन कंडेन्सरच्या नियंत्रणाची डीसी वीज पाण्यात गेली तेव्हा सर्किटने 'वीज नाही म्हणजे पाइप फुटला असेल' असं धरून व्हॉल्व्हना बंद व्हायची आज्ञा दिली. भट्टी गार करणारी वाट सुरक्षेच्या नावाखाली मिटली, आणि व्हॉल्व्ह नेमके किती मिटलेत हे वरच्यांना बराच वेळ कळलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण नरोरा, 31 मार्च 1993. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या, सतराएक तास प्रकल्पात वीज नाही. भट्टी बंद झाली होती, ती बंदच राहावी म्हणून माणसं हातात बॅटरी घेऊन वर चढली आणि बोरॉनच्या पाण्याचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. म्हणून सांगतो झुआरीपार, हँडव्हीलला दुय्यम समजू नका. क्लच म्हातारपणीही पडला पाहिजे, आणि मोटर अचानक सुरू झाली तर चाकाने माणसाचं मनगट मोडता कामा नये.

कैग्याच्या पहिल्या भट्टीने 31 डिसेंबर 2018 ला सलग 962 दिवस चालण्याचा विक्रम केला, हे तुम्हाला तिथे जवळ राहून माहीत असेलच. जडपाण्याच्या भट्टीत इंधन चालू असतानाच बदलतात म्हणून ते शक्य होतं. लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या. पण मनात पहिला विचार हा आला की बंद केल्याशिवाय हात लावता येत नाही अशा व्हॉल्व्हच्या स्टेमवरचं ग्रीस 962 दिवस न हलता बसलंय. जुना रोग, दुसरं काय.

झुआरीपार | 21 जून, रात्री 10:40

दोन दिवस गप्प होतो कारण तुमचं वाचून आमचाच एक ॲक्च्युएटर पूर्ण खोलला. धातू नसलेला प्रत्येक तुकडा टेबलावर मांडला. मला वाटलं दहा-बारा निघतील. तेवीस निघाले! त्यातल्या सहांचा पुरवठादार कोण, हे खरेदीवाल्या मुलालाही सांगता येईना. दोन ओ-रिंगा म्हापशाच्या बाजारातल्या.

आणि एक प्रश्न. बाडात मोटरच्या तळाला दोन बारीक निचऱ्याची भोकं मागितली आहेत. आम्ही तर आयुष्यभर भोकं बुजवत आलो. ही चूक नाही ना?

जुना फिटर | 22 जून, सकाळी 6:05

चूक नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं तुम्ही आता विचारलंत.

बाहेर वाफेचा दाब चढला की कुठून तरी ती आत जातेच. खोली गार होऊ लागली की डबा आत ओढतो. डबा श्वास घेतो म्हणा ना. आत गेलेली वाफ पाणी होऊन मोटरच्या पोटात साठते. काही आठवडे. भोक असेल तर ती गळून जाते, दाबही आतबाहेर सारखा होतो. म्हणून कंटेनमेंटच्या आतल्या काही ॲक्च्युएटरची वाफेची चाचणी मुद्दाम भोकांसह झालेली असते, आणि मग जागेवरही ती उघडीच हवीत. शिवाय तळाला! ॲक्च्युएटर आडवा बसवला तर 'तळ' बदलतो, भोकाची जागाही बदलते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा कुठे निचऱ्याचे फिटिंग बसवलेलेच नव्हते, कुठे आतल्या जोडवायरी चाचणीतल्या सोडून कुठल्यातरी दुसऱ्याच निघाल्या. अहवाल पास झालेला, जागेवर उभा असलेला ॲक्च्युएटर मात्र त्या अहवालातला नव्हे.

तुमच्या आयपी 68 ने पाणी आत येऊ द्यायचं नाही. यांना माहीत आहे की ते येणार, त्यांना ते जायला हवंय. तुमचा फिटर सवयीने ते भोक बुजवील. वाईट हेतूने नव्हे, काम चोख करायच्या हेतूने. त्याला कारण सांगून ठेवा, नुसता नियम सांगू नका.

पदेराची सायकल | 22 जून, सकाळी 9:15

फिटरकाका, तुमच्यामुळे आमच्या पंपाच्या मोटरखाली काल मी पहिल्यांदा वाकून बघितलं. भोक होतं. त्यात कुंभारणीने घर केलं होतं.

समई | 22 जून, सकाळी 11:02

झुआरीपार, तेवीस तुकड्यांची यादी इथे टाका ना. गॅमापुढे कोण टिकणार नाही ते मी पटकन खुणा करून देते. ग्लँडच्या आट्यांवर काय लावता?

झुआरीपार | 24 जून, रात्री 11:20

सांजांवच्या सणामुळे उशीर. पोरांनी विहिरीत उड्या मारल्या, मी नुसता फुलांचं कोपेल डोक्यावर घालून काठावर.

भागीदाराशी बोललो. पूर्ण ॲक्च्युएटरचं कोटेशन देत नाही आहोत. ग्राहकाला लिहिलं की स्विच-पेटीचं कास्टिंग आणि मशीनिंग आम्ही करू, पात्रतेची जबाबदारी ज्याचा नमुना टाकीत जाईल त्याची, आणि त्याच्या मंजुरीशिवाय आम्ही एक वॉशरही बदलणार नाही. प्रत्येक तुकड्याचा बॅच नंबर ठेवायचं रजिस्टर आजपासून सुरू केलं. म्हापशाच्या ओ-रिंगा काढून टाकल्या. सीएनसी लांबणीवर, भूकंपही.

यादी उद्या टाकतो. समईताई, आट्यांवर काय लावतो ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं, म्हणून जोडणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पांढरी टेप, साहेब. टेफ्लॉन. पहिल्यापासून तीच लावतो, पाणी येत नाही." म्हणजे चोवीस.